आधी चकती वाचा!

वार्षिकांकाच्या मराठी विभागात काय छापून येतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कॅन्टीनच्या चहावर एक लेख, हॉस्टेलवर एक, पहिल्या पावसावर तीन-चार कविता आणि फायनल इयरच्या कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून लिहिलेला निरोप. यंदा मी फायनल इयरला, त्यामुळे संपादकांनी माझ्याकडे शेवटचा प्रकार मागितला होता. मी लिहितोय कटिंग चकतीवर. ग्राइंडरला लावतात ती, लोखंड कापायची. संपादक म्हणाले, "अरे, हे टेक्निकल विभागात दे की." मी म्हटलं, टेक्निकल विभाग वाचतो कोण? ज्याचा पेपर छापून येतो तो, आणि फार तर त्याचा गाईड! मला हे वाचायला हवंय सेकंड इयरच्या पोरापोरींनी, जे येत्या डिसेंबरात रात्री दीड वाजता वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये बाहाच्या गाडीची फ्रेम कापत बसतील.

तर मंडळी, माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचंय त्यांना उलटता येईल. आपण इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकतो, पण आपल्या हातात सगळ्यात जास्त वेळा येणारी आणि सगळ्यात जास्त वेगानं फिरणारी जी वस्तू, ती कुणी शिकवत नाही आणि आपण विचारत नाही. आणि मग काही झालं की आपण लिहितो, 'चकती सदोष होती.'

फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवा. एम.एस.चा चौकोनी तुकडा, व्हाइस, कानस, आणि तो मेल-फीमेल जॉब. आठवडेच्या आठवडे घासतोय आपण. हाताला फोड. मी त्याच्या विरुद्ध नाही, उलट कानस मारल्याशिवाय धातू म्हणजे काय ते कळत नाही असं माझं मत झालंय. नंतर लेथची ओळख. व्हायवाला हमखास प्रश्न: टेलस्टॉकचा उपयोग सांगा. पण ज्या दिवशी आपण एखाद्या टीममध्ये शिरतो, त्या दिवशी आपल्याला लेथ मिळत नाही. लेथला कुलूप असतं, लेथला सर असतात. आपल्याला मिळतो चार इंची ग्राइंडर. नाहीतर ते हातात मावणारं रोटरी टूल, ज्याला आपण सगळे सरसकट ड्रेमेल म्हणतो, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. (खरी ड्रेमेल कंपनी आल्बर्ट ड्रेमेल नावाच्या माणसानं १९३२ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी काढली, १९९३ पासून ती बॉशकडे आहे.) ग्राइंडर हातात देताना सीनियर एकच वाक्य बोलतो: "चालू कर आणि मार." माझ्याही हातात तो असाच दिला गेला आणि मीही पुढे तसाच दिला.

आता थोडं गणित. घाबरू नका, सेकंड इयरच्याच पातळीचं आहे. चार इंची ग्राइंडर बिनभाराचा मिनिटाला ११,००० फेरे मारतो. चकतीचा व्यास १०० मि.मी. म्हणजे तिची कड सेकंदाला साधारण ५८ मीटर धावते, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर! एक्सप्रेसवेवरच्या कुठल्याही गाडीपेक्षा जास्त, आणि ते तुमच्या छातीपासून दीड फुटावर. रोटरी टूलची चकती इवलीशी, २४ मि.मी.ची, पण फेरे ३०,००० असले तर तिचीही कड ३८ मीटरनं पळते. आणि ३८ मि.मी.ची मोठी चकती त्याच टूलला लावली की आकडा जातो जवळजवळ ६० वर, म्हणजे ग्राइंडरच्या बरोबरीला. "ते छोटं मशीन आहे रे, त्याला काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा कॅल्क्युलेटरवर करून पाहावं.

फ्लायव्हीलच्या रिममधला ताण आठवतोय? घनता गुणिले वेगाचा वर्ग. परीक्षेला तो फॉर्म्युला आपण डोळे मिटून लिहितो. चकती ही रिम नव्हे, भोक असलेली तबकडी आहे, त्यामुळे गुणक थोडा बदलतो. पण वर्ग तोच. वेग दुप्पट, ताण चौपट. चकतीवर जो कमाल आरपीएम छापलेला असतो तो 'एवढ्यावर छान कापते' असा सल्ला नसतो, 'याच्या वर मी एकसंध राहीन असं धरू नका' अशी ताकीद असते. तीन मार्कांचं उत्तर प्रत्यक्ष हातात फिरत असतं आणि आपण ते ओळखत नाही, हे मला फार लागलं.

चकती वाचायची म्हणजे काय वाचायचं? माझा अनुभव असा की तिच्यावर एवढं लिहिलेलं असतं की आपण काहीच वाचत नाही. सगळ्यात आधी आरपीएम आणि मीटर प्रति सेकंद. १०० मि.मी.च्या ८० मीटरवाल्या चकतीवर १५,३०० च्या आसपास आकडा दिसेल, १२५ वर १२,२००, आणि चौदा इंची कटऑफ मशीनच्या, म्हणजे ३५५ मि.मी.च्या चकतीवर फक्त ४,३००. सगळ्यांचा कडेचा वेग एकच, ८० मीटर, म्हणून मोठीचे फेरे कमी. वेगासाठी रंगीत पट्टीही असते: निळी ५० मीटर, पिवळी ६३, लाल ८०, हिरवी १००. मग ती अक्षरं. 'ए ६० टी बीएफ' अशा धर्तीची. ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा. झेडए असेल तर झिर्कोनिया मिसळलेला. सी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ज्याला अजून सगळे कार्बोरंडम म्हणतात. एडवर्ड अॅचेसनला तो १८९१ साली सापडला, कृत्रिम हिरे करायच्या नादात! ६० हा दाण्याचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दाणा बारीक. टी हे कडकपणाचं अक्षर, आणि बीएफ म्हणजे रेझिनचा बाँड, आत काचेच्या धाग्यांची जाळी.

कडकपणाच्या अक्षरात एक गंमत आहे, जी मला तिसऱ्या वर्षापर्यंत उलटीच माहीत होती. मला वाटायचं, कडक धातू कापायला कडक चकती घ्यावी. तर नियम बरोबर उलटा: धातू कडक तर चकती मऊ, धातू मऊ तर चकती कडक. कारण हे अक्षर दाण्याचं नसतं, दाण्याला धरून ठेवणाऱ्या पकडीचं असतं. कडक पोलादावर दाणा लवकर बोथट होतो. बोथट झालेला दाणा सुटून गेला पाहिजे, तरच त्याच्या मागचा धारदार दाणा पुढे येईल. पकड घट्ट असेल तर बोथट दाणे तिथेच बसून राहतात, चकतीची कड आरशासारखी चमकायला लागते, कापायचं थांबते आणि नुसती घासते. मग आपण काय करतो? दाबतो! काप निळा पडतो, मोटर कण्हते, आणि आपण म्हणतो चकती भिकार आहे. ती भिकार नसते, चुकीच्या जागी असते. (पदाधिकाऱ्यांच्या बाबतीतही हे खरं असावं, पण तो विषय वेगळा.)

आपल्या कामापुरतं सांगायचं तर साध्या एम.एस. ट्यूबला ॲल्युमिनियम ऑक्साइडची १ मि.मी. जाडीची चकती उत्तम. बाहाच्या फ्रेमची मुख्य ट्यूब एक इंच व्यासाची, ३ मि.मी. जाडीच्या भिंतीची असते. तिला तीन मि.मी.ची जाड चकती लावणं म्हणजे भाजी कापायला कोयता घेणं. जाड चकती तिप्पट धातूचा भुगा करते, म्हणजे तेवढाच जास्त वेळ आणि तेवढीच जास्त उष्णता. स्टेनलेससाठी 'आयनॉक्स' लिहिलेली घ्यावी. तिच्यात लोह, गंधक, क्लोरीन जवळपास नसतं, त्यामुळे कापावर नंतर गंज धरत नाही. आणि एम.एस.ला वापरलेली चकती पुन्हा स्टेनलेसला लावायची नाही, नाहीतर ते सगळं व्यर्थ. बीडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या कामाला सिलिकॉन कार्बाइड शोभतं. ॲल्युमिनियम हा सगळ्यात लबाड धातू! मऊ आहे म्हणून पोरं बिनधास्त मारतात, तो वितळून दाण्यांच्या फटीत बसतो, चकतीची कड भरून जाते, मग पुन्हा तेच: घासणं, तापणं, दाबणं, तुटणं. त्याच्यासाठी वेगळी चकती मिळते. ती नसेल तर सरळ हॅक्सॉ घ्या. हिऱ्याच्या चकतीबद्दलही एक भ्रम आहे, की हिरा सगळ्यात कठीण म्हणून तो सगळं कापेल. फरशी, काच, सिरॅमिक कापेल. तापलेलं पोलाद मात्र हिऱ्यातला कार्बन स्वतःत ओढून घेतं आणि हिरा झिजतो. खास धातूसाठी केलेल्या, कडेला हिरे ब्रेझ केलेल्या चकत्या मिळतात, त्या वेगळ्या. फरशीवाली लोखंडाला लावू नका.

आता रोटरी टूल. त्याच्या चकत्यांत दोन जाती. एक ती तपकिरी, बिस्किटासारखी, २४ मि.मी.ची, ड्रेमेलची ४०९ नंबरची तर फक्त ०.६ मि.मी. जाड. हिच्यात जाळी नसते. ही तुटणारच. ती तुटली म्हणून चकती वाईट किंवा तुम्ही वाईट असं नाही. जराशी तिरकी झाली की कट्! पण तुकडे डोळ्याच्या दिशेनं यायला काही बंदी नाही, आणि या यंत्राला गार्ड नसतो. म्हणून चष्मा पुरत नाही, तोंडावरची पारदर्शक ढाल हवीच. दुसरी जात जाळीवाली, ३८ मि.मी.ची. धातूसाठी माझं मत सरळ हिच्या बाजूनं आहे. लहान चकतीचा आणखी एक तोटा पोरांच्या लक्षात येत नाही. २४ मि.मी.ची चकती झिजून १४ झाली की त्याच फेऱ्यांवर कडेचा वेग ३८ वरून २२ मीटरवर येतो. म्हणजे ती जवळपास निम्म्या वेगानं कापते. आपल्याला वाटतं बोथट झाली, आपण जोर लावतो, आणि ती फुटते. ती लहान झालेली असते, एवढंच. टाकून द्यावी.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण मी टीमचा खजिनदार होतो. स्पॉन्सरशिपचे पैसे कसे येतात हे ज्यानं दारोदार फिरून आणलेत त्यालाच माहीत. दुकानात १४ रुपयांची चकती होती आणि ३८ रुपयांची. मी अर्थातच १४ची पेटी घेतली आणि मीटिंगमध्ये शाबासकी मिळवली. नंतर (सगळं झाल्यावर) एका रविवारी बसून मोजलं. एक इंची, ३ मि.मी.ची ट्यूब, तोच ग्राइंडर, तोच हात. १४ची चकती आठ कापांत संपली, ३८ची तेविसाव्या कापापर्यंत गेली. म्हणजे एका कापाला पावणेदोन रुपये आणि एक रुपया पासष्ट पैसे! एका पेटीवरून सिद्धांत मांडत नाही, पण मी जी काटकसर केली म्हणून मिरवत होतो ती कापामागे उणे दहा पैसे होती. शिवाय दरवेळी चकती बदलायला दोन मिनिटं. आणि चकती जितक्या वेळा बदलतो तितक्या वेळा ती नीट न बसण्याची संधी आपण देतो.

आता मूळ मुद्दा. गार्ड.

गार्ड सगळेच काढतात. रस्त्याकडेच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात जा, गार्ड असलेला ग्राइंडर दिसला तर तो नवीन घेतलेला असतो. काढण्यामागे कारणंही असतात, ती मूर्खपणाची नसतात. कोपऱ्यात चकती पोचत नाही. कापाची रेघ दिसत नाही. आणि तिसरं, सगळ्यात घातक: चार इंची यंत्राला पाच इंची चकती लावायची असते. यावर आमच्याकडच्या एका हुशार पोरानं मला हिशेब करून दाखवला होता, "१२५ मि.मी., ११,००० आरपीएम, होतात ७२ मीटर. चकतीची मर्यादा ८०. बसतंय की!" हिशेब बरोबर होता. पण पाच इंचीचं भोक २२.२३ मि.मी. आणि चार इंचीच्या फ्लॅन्जची बैठक १६ मि.मी. मधल्या सहा मि.मी.चं काय? ती चकती मध्यावर बसतच नाही, फ्लॅन्ज तिला नीट धरत नाही, ती झोकांड्या खात फिरते. आणि गार्ड तर काढावाच लागतो, कारण त्याच्यात ती मावत नाही. गार्ड तिथे जणू सांगत असतो, बाबा रे, ही माझी चकती नाही.

आमच्या वर्कशॉपचे मामा पूर्वी कोल्हापुरात उद्यमनगरात एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. ओतलेल्या जॉबचे रायझर कापायचे, कडा मारायच्या. त्यांच्याशी मी यावर कितीतरी वेळा वाद घातलाय. ते म्हणतात, "बाळ, आम्ही तीस वर्सं बिनगार्डचं मारलं, काय झालं?" मामांच्या हाताबद्दल मला नितांत आदर आहे. चकती कशी चालवावी हे मला त्यांनीच शिकवलं: "दाबतोयस कशाला? तिला फिरू दे की. आवाज ऐक, आवाज बसला की हात हलका कर." सगळ्या पुस्तकांचं सार एवढंच आहे. पण तीस वर्षांच्या या दाखल्यात मला एक भोक दिसतं. ज्यांना झालं ते फेटलिंगला राहिले नाहीत. ते घरी गेले, दुसऱ्या कामाला लागले. तीस वर्षांनंतर सांगायला उरतात ते मामाच. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्या बरोबरीचे त्या शेडमधले किती जण शेवटपर्यंत होते? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "च्या घेतोस का?"

डिसेंबरात काय झालं ते आता सांगतो. पुढच्या दोन पिलरच्या जोडावर नॉच काढायचा होता. ट्यूब फ्रेमवर टॅक केलेली, जागा अरुंद, गार्ड आडवा येत होता. मी तो काढला. स्क्रू सैल केला, गार्ड बाजूला ठेवला, नॉच मारला, दहा मिनिटांचं काम. मला काहीही झालं नाही. काम झाल्यावर गार्ड परत लावायचा असतो हे मला माहीत होतं, लावला नाही. रात्री अकरा वाजले होते, मेस बंद व्हायची होती. ग्राइंडर तसाच टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेकंड इयरचा एक मुलगा त्याच यंत्रावर बसला. त्याला वाटलं, यंत्र असंच असतं. त्यानं गार्ड कधी पाहिलेलाच नव्हता! चकती त्यानं कपाटातली घेतली, मागच्या वर्षीच्या पेटीतली. ती पेटी खिडकीखालच्या फळीवर अख्खा पावसाळा ओल खात पडली होती. मधल्या लोखंडी रिंगवर तारीख असते: व्ही, मग महिना, मग वर्ष. रेझिनच्या चकत्यांना बनवल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, तारखा तिमाहीच्या असतात, ०१, ०४, ०७, १०. त्या चकतीची मुदत एप्रिलातच संपलेली होती. मी खजिनदार, साठा माझ्या ताब्यात, रिंगवर तारीख असते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. भर म्हणजे त्यानं ट्यूब दोन्ही बाजूंना आधार देऊन मधोमध कापायला घेतली, त्यामुळे काप खाली जाता जाता मिटत गेला आणि चकती आत आवळली गेली. ती फुटली. त्याचं डोकं काप दिसावा म्हणून नेमकं चकतीच्या रेषेत होतं, आणि तुकडे त्याच रेषेत सुटतात. एक तुकडा उजव्या भुवईवर. चार टाके. चष्मा नंबरचा होता म्हणून डोळा वाचला, काचेला आरपार तडा गेला.

ओल, मुदत, आधार, डोक्याची जागा. या चारांतलं काहीही असलं तरी गार्ड असता तर तो तुकडा गार्डला लागला असता. गार्ड त्यासाठीच असतो: बाकीचं सगळं चुकल्यावरच्या क्षणासाठी.

वर्कशॉपच्या रजिस्टरात नोंद करायची होती. सरांनी विचारलं, कारण काय? मी लिहिलं: 'चकती सदोष असल्याने फुटली. किरकोळ इजा.' कुणी काही बोललं नाही. तो मुलगाही नाही. उलट दोन दिवसांनी टाके घातलेल्या कपाळानं मलाच "सॉरी दादा, नीट धरायला पाहिजे होतं" म्हणाला! त्याला अजूनही वाटतंय की चूक त्याची.

म्हणून हा लेख. कुणी म्हणेल, ही वैयक्तिक भानगड आहे, वार्षिकांकात कशाला? पण मला वाटतं रजिस्टरातली ती ओळ एकट्या माझी नाही. 'चकती सदोष' हे आपलं सगळ्यांचं आवडतं कारण आहे. मशीन जुनं, मटेरिअल खराब, लाइट गेली. १९४८ सालच्या कारखाने कायद्याच्या ३० व्या कलमात असं होतं, की जिथे ग्राइंडिंग चालतं त्या खोलीत प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित वेग लिहिलेली सूचना कायमची लावलेली असावी. आपल्या मागच्या शेडमध्ये भिंतीवर कसली सूचना आहे? 'शांतता राखा.'

माझ्या मागण्या फार नाहीत आणि फारशा खर्चिकही नाहीत. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये एक प्रॅक्टिकल या चकतीवर असावं, दोन तासांचं. जॉब काही करायचा नाही. प्रत्येकाला एक चकती द्यावी आणि तिच्यावरचं सगळं वाचून त्याचा अर्थ लिहायला सांगावा, आरपीएमवरून कडेचा वेग काढायला सांगावा, आणि एक मुदत संपलेली मुद्दाम मिसळून ठेवावी. व्हायवाला टेलस्टॉकऐवजी एकदा हे विचारावं: कटिंग चकतीच्या बाजूनं बर का काढायची नाही? (कारण ती कडेवरचा भार घ्यायला केलेली असते, आडवा नाही, बर काढायला सहा मि.मी.ची ग्राइंडिंग चकती किंवा फ्लॅप डिस्क असते. हे शेडमध्ये रोज घडतं.) नवीन चकती बसवली की मिनिटभर नुसती फिरवून पाहायची, स्वतः बाजूला उभं राहून. आणि टिचकी मारून आवाज ऐकायची ती पुस्तकातली चाचणी या चकत्यांना लावू नका. ती बेंच ग्राइंडरच्या व्हिट्रिफाइड चाकाची आहे, रेझिनची चकती चांगली असली तरी बद्दच वाजते.

साठ्याचं एक. चकत्या आडव्या, सपाट, कोरड्या जागी. तेलाच्या डब्याशेजारी नाही, खिडकीखाली नाही. पेटीवर मार्करनं मुदत मोठ्या अक्षरांत.

आणि जिथे गार्डमुळे चकती पोचत नाही, तिथे गार्ड न काढता हत्यार बदलायचं. त्या रात्री माझ्याकडे तीन पर्याय होते: जाळीवाली चकती लावलेलं रोटरी टूल, अर्धगोल कानस आणि साधा हॅक्सॉ. बारीक ट्यूबला २४ टीपीआयचं ब्लेड, म्हणजे तीन मि.मी.च्या भिंतीत एका वेळी तीनएक दाते राहतात आणि ब्लेड अडकत नाही. वेळ किती लागला असता? दहा मिनिटांऐवजी चाळीस. मेस बुडाली असती. ते कानस मारणं, जे फर्स्ट इयरला आठवडेच्या आठवडे करताना आपण शिव्या घालतो, ते नेमकं अशाच जागेसाठी होतं. पण मला ते आठवलंच नाही, कारण हातात ताशी दोनशे किलोमीटर असलं की माणसाला कानस आठवत नाही.

हे लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, मी सरांकडे गेलो आणि रजिस्टरातली ती नोंद दुरुस्त करायची परवानगी मागितली. सर म्हणाले, खोडायचं नाही, खाली नवी ओळ लिही. मी लिहिली: 'यंत्राचा गार्ड आदल्या रात्री मी काढला होता व परत बसवला नव्हता. चकतीची मुदत संपलेली होती. साठा माझ्याकडे होता.' खाली सही. त्या मुलालाही वाचून दाखवली. तो "असू दे दादा" म्हणाला, पण कपाळावरून हात फिरवला त्यानं.

सरांनी सही करता करता विचारलं, "तो गार्ड आहे का कुठे?" शोधला. टेबलाखाली उलटा पडला होता, आणि कुणीतरी त्यात एम-सिक्सचे नट भरून ठेवले होते. नट दुसऱ्या डब्यात ओतले, गार्ड पुसला. क्लॅम्पचा स्क्रू मात्र हरवलेला होता; तो गावातून आणायला गेल्या शनिवारी मामाच गेले.